तपासायचं कुणाला?

जानेवारी १९८९च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली होती. दवाखान्यात आपणहून आलेल्या बायकांची ही तपासणी नव्हती. गावात राहणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या, लेकरं सांभाळणाऱ्या बायकांची होती. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना जननमार्गाचा किंवा लैंगिक स्वरूपाचा किमान एक आजार निघाला. सरासरी काढली तर दर बाईमागे ३.६ आजार. यातला निम्मा भार जंतुसंसर्गांचा होता. काहीच तक्रार नाही असं सांगणाऱ्या स्त्रिया ४५ टक्के होत्या. आणि याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के.

गडचिरोलीत सापडलेले सगळेच संसर्ग शरीरसंबंधांतून आलेले नव्हते, हे लगेच सांगायला हवं. योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडल्यानं होणारा त्रास किंवा बुरशीमुळे सुटणारी खाज यांना नवऱ्याकडून काही यावं लागत नाही. तरीही मी या निबंधापासून सुरुवात करतो आहे, कारण लैंगिक संसर्गांच्या अभ्यासातला सर्वांत अवघड प्रश्न त्यात समोर येतो. जंतू कोणता आणि त्यावर औषध कोणतं, याची उत्तरं पाठ्यपुस्तकात सापडतात. तपासायचं कुणाला, याचं उत्तर मात्र प्रत्येक पिढीला नव्यानं द्यावं लागलं आहे, आणि ते चुकलं तेव्हा त्याची किंमत ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं त्यांनी मोजली आहे. या विषयात नव्यानं येणारा वैद्यकाचा विद्यार्थी, परिचारिका, समुपदेशक, आशाताई आणि स्वतःच्या शरीराबद्दल नीट समजून घेऊ पाहणारा कुठलाही वाचक, या सगळ्यांनी हा प्रश्न सोबत घेऊनच आत यावं.

आत आल्यावर दिसणारा पसारा मोठा आहे, पण त्याची मांडणी सोपी आहे. शरीरसंबंधांतून पसरू शकणारे जंतू तीसहून अधिक आहेत. रोजच्या कामात त्यांतले आठ महत्त्वाचे. सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास हे चार औषधानं पूर्ण बरे होतात. हेपॅटायटिस बी, हर्पिस, एचआयव्ही आणि एचपीव्ही हे चार विषाणू. बहुतेकदा ते औषधानं समूळ जात नाहीत, पण त्यांना आवर घालता येतो आणि दोघांसाठी तर लसही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयाच्या लोकांत पहिल्या चार आजारांचे मिळून ३७.४ कोटी नवे संसर्ग झाले. दिवसाला दहा लाखांहून जास्त. इतका सर्रास आढळणारा आजार ‘तसल्या’ लोकांचा कसा असेल?

पण तो तसल्या लोकांचा आहे असं धरून कायदे झाले. १८६८चा सांसर्गिक रोगांचा कायदा इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात लागू केला, तो देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर. नाव नोंदवायचं, ठरलेल्या दिवशी तपासणीला हजर व्हायचं आणि आजार दिसला तर ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या गुप्तरोगांच्या इस्पितळात भरती व्हायचं, अशी सक्ती होती. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषाला हा कायदा विचारत नव्हता. माणुसकीच्या दृष्टीनं हे क्रूर होतंच, शास्त्र म्हणूनही पोकळ होतं. गोनोरियाचा जंतू आल्बर्ट नायसर यांना दिसला १८७९ साली. सिफिलिसचा, शाउडिन आणि हॉफमन यांना, १९०५ साली. म्हणजे कायदा आला तेव्हा यांतला एकही जंतू ठाऊक नव्हता, आणि १८८८ मध्ये तो रद्द झाला तेव्हाही तपासणाऱ्या डॉक्टरच्या हाती सिफिलिसची खात्रीची चाचणी नव्हती. डोळ्यांना जे दिसेल त्यावर बाई रोगी ठरायची, आणि स्त्रियांमध्ये हे आजार डोळ्यांना सहसा दिसत नाहीत.

त्या काळाची छाया अजून या विषयावर आहे. ती पुसण्याचं काम मराठीत फार लवकर सुरू झालं होतं, याचा मला अभिमान वाटतो. विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर मराठीत पुस्तक लिहिलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले; एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. कर्व्यांची अनेक मतं आज तशीच्या तशी कुणी मांडणार नाही. पण रोग हा पापाचा दंड नाही, त्याला कारण असतं आणि त्यापासून वाचता येतं, हे त्यांनी साध्या मराठीत, स्वतःची नोकरी गमावून सांगितलं.

नव्या विद्यार्थ्यानं सुरुवात सिफिलिसपासून करावी. आजार कसा लपतो, चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही, आणि वेळेवर दिलेलं एक इंजेक्शन काय करू शकतं, हे तिन्ही धडे त्यात एकत्र आहेत. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाशा’त फिरंगरोग म्हणून त्याचं वर्णन आहे आणि उपाय म्हणून पारा व चोपचिनी सांगितली आहे. जंतू शिरल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी त्या जागी एक जखम होते. ती दुखत नाही. योनीच्या आत किंवा गर्भाशयाच्या तोंडावर असली तर कळतही नाही, आणि काही आठवड्यांत आपली आपण भरून येते. माणसाला वाटतं, गेलं. पुढे अंगावर पुरळ येतो, तळहात आणि तळपायांवरसुद्धा येतो, आणि तोही जातो. त्यानंतर वर्षानुवर्षं शांतता असते. काहींच्या बाबतीत मग हृदयाची महाधमनी, मेंदू, डोळे यांवर घाव पडतो. डोळे आणि मेंदू तर त्याआधीही, कुठल्याही टप्प्यावर सापडू शकतात.

शांततेच्या काळात हा आजार फक्त रक्त सांगतं. १९०६ साली वासरमान यांनी पहिली रक्तचाचणी दिली. आज आपल्याकडे सर्वत्र होते ती व्हीडीआरएल. तिचंच भावंड आरपीआर. या चाचण्या जंतूला थेट ओळखत नाहीत, जंतूमुळे पेशींना इजा झाल्यावर शरीर जी प्रतिद्रव्यं बनवतं ती मोजतात. म्हणून मलेरिया, कुष्ठरोग, ल्यूपस, कधी नुसतं गरोदरपण, यांतही त्या खोट्या होकारार्थी येऊ शकतात. टीपीएचए ही दुसरी चाचणी खास या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधते. पण ती एकदा होकारार्थी आली की बहुधा जन्मभर तशीच राहते, उपचार झाले तरी. दोन्ही मिळून अर्थ लागतो. व्हीडीआरएलच्या अहवालात १:८, १:३२ असे आकडे असतात. उपचारानंतर १:३२ चे १:८ झाले, म्हणजे चौपट उतरले, तर औषध लागू पडलं असं धरतात. उलट १:८ चे १:३२ झाले तर संसर्ग पुन्हा झाला किंवा उपचार अपुरा पडला. ही दोन ओळींची समज नसल्यामुळे लग्नाआधीच्या किंवा ऑपरेशनआधीच्या तपासणीत ‘व्हीडीआरएल पॉझिटिव्ह’ एवढंच ऐकून हादरलेली माणसं आजही या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरत असतात.

उपचाराची गोष्ट त्याहून सरळ आहे. १९१० साली पॉल एर्लिश आणि साहाचिरो हाता यांचं साल्वर्सान आलं. ते आर्सेनिकचं, त्रासदायक, पण खरोखर काम करणारं पहिलं औषध. १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनी यांनी चार रुग्णांना पेनिसिलिन दिलं आणि चित्र पालटलं. आजही सुरुवातीच्या सिफिलिसला बेन्झाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिट, एकदाच, कमरेच्या स्नायूत, एवढं पुरतं. जुनाट संसर्गाला तेच दर आठवड्याला एक असं तीनदा. ऐंशी वर्षांत या जंतूनं पेनिसिलिनला दाद न देण्याचं शिकून घेतलेलं नाही. आपल्याकडे अडचण येते ती इंजेक्शनच्या भीतीची. ॲलर्जीची रिॲक्शन येईल म्हणून अनेक खासगी दवाखाने पेनिसिलिनला हात लावत नाहीत आणि गोळ्यांवर भागवतात. इतर रुग्णांत डॉक्सिसायक्लिननं काम भागतं. गरोदर बाईच्या बाबतीत भागत नाही, कारण ते औषध गरोदरपणात टाळतात आणि त्याऐवजी दिलेल्या ॲझिथ्रोमायसिनवर पोटातल्या बाळाच्या उपचारासाठी भरवसा ठेवता येत नाही. उपचार न झालेल्या सिफिलिसमुळे गर्भपात होतो, मूल मृत जन्मतं किंवा आजार घेऊन जन्मतं. म्हणून प्रत्येक गरोदर स्त्रीची, पहिल्याच भेटीत, ती कोण, कुठली, कशी हे न पाहता ही रक्ततपासणी करायची असते. एवढ्या एका बाबतीत तरी ‘कुणाला तपासायचं’ याचं उत्तर साऱ्या जगानं एकमतानं दिलं आहे.

गोनोरिया आणि क्लॅमिडिया ही जोडी वेगळी वागते. पुरुषाला गोनोरिया झाला की बहुधा दोन ते सात दिवसांत लघवीला आग होते, पू येतो आणि तो दवाखाना गाठतो. स्त्रीला तोच संसर्ग गर्भाशयाच्या तोंडाशी होतो आणि निम्म्याहून अधिक जणींना काहीच जाणवत नाही. क्लॅमिडिया तर पुरुषांतही पुष्कळदा गप्प असतो. मग जंतू वर गर्भनलिकांपर्यंत चढतो, ओटीपोटात सूज येते, नळ्या आतून चिकटतात, आणि वर्षांनी ती बाई मूल होत नाही म्हणून तपासायला येते. तोवर वांझपणाचा सगळा ठपका तिनं सोसलेला असतो. आज या दोन्ही जंतूंसाठी नॅट ही जनुकीय चाचणी आहे. जंतूच्या जनुकीय द्रव्याचा इवलासा अंश कोट्यवधी पटींनी वाढवून ती तो पकडते. पुरुषाला लघवीची पहिली धार पुरते. स्त्रीला योनीतला बोळा स्वतःचा स्वतः घेता येतो. क्लॅमिडियाला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. गोनोरियाची गोष्ट मात्र काळजीची आहे. सल्फा, पेनिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, एकेक औषध या जंतूनं निकामी केलं, आणि आता मुख्य आधार सेफ्ट्रियाक्झोनच्या इंजेक्शनचा उरला आहे. औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या मागून घेणाऱ्या रुग्णाला हे कुणी सांगत नाही.

नॅटची चाचणी महाग आहे आणि आपल्या बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती होत नाही. या वास्तवातून लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत निघाली. आपल्या शासकीय सुरक्षा क्लिनिकमध्ये गेली अनेक वर्षं रंगीत किट दिली जातात: लघवीच्या जागेतून पू येत असेल तर करड्या रंगाचं, योनीतून स्राव असेल तर हिरवं, जखम असेल तर पांढरं, हर्पिसच्या फोडांना लाल, ओटीपोट दुखत असेल तर पिवळं. प्रत्येक किटमध्ये त्या लक्षणामागे असू शकणाऱ्या जंतूंवरची औषधं एकत्र असतात. रुग्ण परत येईल याची खात्री नसते, तेव्हा हातात आलेल्या माणसाला त्याच दिवशी औषध देणं शहाणपणाचंच आहे. जखम आणि पुरुषाचा स्राव यांत ही पद्धत चांगली चालते. स्त्रियांच्या अंगावरून पांढरं जाण्यात ती कमी पडते, आणि दोन्ही बाजूंनी कमी पडते. ज्या बाईला स्राव आहे तिला बहुधा बुरशी किंवा जंतूंचा बिघडलेला तोल असतो, तरी तिच्या केसपेपरवर गुप्तरोगाचा शिक्का बसतो आणि घरात वादळ उठतं. जिला क्लॅमिडिया आहे पण लक्षण नाही, ती रांगेत येतच नाही. माझ्या मते किटनं घडवलेलं भलं मान्य करूनही ती कायमची व्यवस्था मानता कामा नये; निदान गरोदर स्त्रिया आणि मूल होत नाही म्हणून आलेली जोडपी यांना नॅट सरकारी दवाखान्यात मिळायला हवी.

जोखमीचं वर्तन नाही, संशय नाही, आणि तरीही धोका आहे, हे पुण्यात सिद्ध झालं. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा निबंध १९९७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांपैकी देहविक्रय न करणाऱ्या ३९१ जणी होत्या. त्यांतल्या बहुतेक विवाहित, आणि आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेल्या. त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण १३.६ टक्के निघालं. त्यांनी केलेलं ‘जोखमीचं वर्तन’ म्हणजे लग्न. प्रतिबंधाचा सारा भर वेश्यावस्तीवर असलेल्या त्या वर्षांत हा निष्कर्ष धक्का देणारा होता, आणि या शाखेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकानं तो मुळातून वाचावा असं मला मनापासून वाटतं.

त्यातून उपचाराचा एक नियमच निघतो: एकट्या रुग्णाचा उपचार हा अर्धाच उपचार. जोडीदाराला औषध मिळालं नाही तर बरा झालेला रुग्ण महिन्याभरात पुन्हा तोच जंतू घेऊन येतो. म्हणूनच क्लॅमिडिया किंवा गोनोरियाच्या उपचारानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं असतं. दोघांचा कोर्स संपून सात दिवस होईपर्यंत संबंध टाळायचे, किंवा निरोध वापरायचा. कागदावर हे सोपं आहे. सासूसोबत दवाखान्यात आलेल्या बाईनं नवऱ्याला काय सांगायचं? नवरा मारेल अशी भीती असेल तर? इथे समुपदेशकाचं काम औषधाइतकंच मोलाचं ठरतं. तिची परवानगी घेऊन, नवऱ्याला वेगळं बोलावून, ‘तुम्हा दोघांना औषध घ्यावं लागेल’ एवढ्यावर बोलणं आणता येतं. कुणाकडून कुणाला आला याचा निवाडा कुठलीच चाचणी करू शकत नाही, आणि तो करत बसणं हे दवाखान्याचं कामही नव्हे. एचआयव्हीच्या बाबतीत गुप्तता आणि संमती यांना २०१७च्या कायद्याचं बळ आहे. १०९७ या शासकीय हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारता येतं.

चाचणी केव्हा करायची, हा प्रश्न तिथे नेहमी येतो. संबंधाच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या तपासणीतून काहीच कळत नाही. क्लॅमिडिया आणि गोनोरियाला साधारण दोन आठवडे जाऊ द्यावेत. एचआयव्हीची चौथ्या पिढीची प्रयोगशाळेतली चाचणी दीड महिन्यांनी विश्वासार्ह होते, बोटातून रक्त घेऊन होणाऱ्या झटपट चाचणीला आणि सिफिलिसला तीन महिने धरावेत. मात्र संबंध धोक्याचा होता आणि ७२ तास उलटले नसतील, तर तपासणीची वाट न पाहता एचआयव्ही रोखणारी औषधं सुरू करायची असतात. तेव्हा तडक सरकारी रुग्णालय गाठावं. हर्पिससाठी मात्र, फोड नसताना, सरसकट रक्ततपासणी करू नये असं मी आग्रहानं सांगेन. तिचा निकाल पुष्कळदा दिशाभूल करतो आणि हाती काही न देता मनात घर करून बसतो. एचआयव्ही असलेल्या आणि औषधं नियमित घेऊन रक्तातला विषाणू सापडेनासा झालेल्या माणसाकडून शरीरसंबंधांतून संसर्ग जात नाही, हे आता पक्कं सिद्ध आहे. गावोगावी ते अजून पोचलेलं नाही.

पुरुषांच्या बाजूची एक अडचण थोडक्यात. धातू जातो, ताकद कमी झाली, अशा भीतीनं कितीतरी तरुण भिंतींवरच्या जाहिराती वाचून पैसे घालवतात, आणि खरा संसर्ग असलेला पुरुषही त्याच दारात जाऊन अडकतो. गुप्तरोग बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. सरकारी रुग्णालयातला त्वचा व गुप्तरोग विभाग फुकट किंवा नाममात्र पैशात हेच काम शास्त्रानं करतो, हे त्यांना मित्रानं, शिक्षकानं सांगायला हवं.

राहिला एचपीव्ही. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांना तो कधी ना कधी होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत निघूनही जातो. काही जणींत टिकतो आणि दहा-वीस वर्षांनी गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होतो; या कर्करोगांतले सुमारे ७० टक्के १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे. या नात्याचा शोध लावणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. या विषाणूच्या तपासणीनं जीव वाचतात याचा मोठा प्रत्यक्ष पुरावा मात्र आपल्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यानं दिला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी ५२ ग्रामसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना चार गटांत घेतलं. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षांनी पाहिलं, तेव्हा फक्त एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. निकाल २००९ साली प्रसिद्ध झाले. चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणीवाचून ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. ज्यांच्या देहावर ज्ञान उभं राहतं त्यांना त्या ज्ञानाचा वाटा आधी मिळायला हवा.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर काम करते आणि शरीरसंबंध सुरू होण्याआधी, ९ ते १४ या वयात दिली तर तिचा सर्वांत जास्त उपयोग होतो. लस घेतलेल्यांनाही पुढे तपासणी लागतेच, आणि ज्यांचं ते वय केव्हाच मागे पडलं त्यांना तर तपासणीचाच मुख्य आधार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी अशी तपासणी एकदा तरी झालेल्या १.९ टक्के होत्या. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक वाचक स्त्रीनं जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जाऊन गर्भाशयमुखाच्या तपासणीची चौकशी करावी. ॲसेटिक आम्ल लावून पाहण्याची साधी तपासणी तिथे होते. एचपीव्ही चाचणी मिळत असेल तर ती करून घ्यावी, आणि मिळत नसेल तर ती केव्हा मिळणार हे विचारावं.